शिव्या मराठीत, कौतुक इंग्रजीत

नववीच्या वर्गात मी एक खेळ घेते. प्रत्येकीला दोन चिठ्ठ्या द्यायच्या. पहिलीवर लिहायचं, आज सकाळपासून मनातल्या मनात स्वतःला काय काय म्हणालीस. दुसरीवर स्वतःबद्दल एक चांगलं वाक्य. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या डब्यात, डबा टेबलावर.

पहिल्या चिठ्ठ्या भराभर येतात. 'परत झोपून राहिलीस, म्हैस.' 'केस आहेत का झाडू.' 'बाईंनी आज उभं केलं तर मेलेच.' 'सगळ्यांना येतं, मलाच कसं येत नाही.' 'हिच्या शेजारी फोटोत उभी राहू नको, अजून काळी दिसतेस.' दुसऱ्या चिठ्ठीशी मात्र पेनं अडतात. मग एक कुणीतरी काहीतरी लिहिते, शेजारची डोकावते आणि बघता बघता वर्गभर साथ पसरते: 'आय ॲम ब्युटिफुल', 'आय ॲम स्ट्राँग', 'आय ॲम इनफ'. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजीच्या तासालासुद्धा इंग्रजीत बोलायचं म्हटलं की बाकाखाली लपणाऱ्या मुली. त्यांच्या शिव्या घरच्या भाषेतल्या, ताज्या, नेमक्या. कौतुक मात्र पाहुण्या भाषेतलं आणि सगळ्यांचं अगदी एकसारखं.

हे कौतुक कुठून येतं ते उघड आहे: फोनवरच्या रीलमधून. गुलाबी पाटीवर पांढरी अक्षरं, मागे पियानो, 'आरशासमोर रोज अकरा वेळा म्हणा'. याला हल्ली सगळे अफर्मेशन म्हणतात. जुन्या मराठी पुस्तकांत स्वयंसूचना हा शब्द सापडतो. कल्पना आपल्याला नवी नाहीच. 'असं वेडंवाकडं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते' हे आजीचं वाक्य म्हणजे दुसरं काय आहे? बोललेलं खरं होतं, म्हणून चांगलं बोलावं. फक्त आजी ते रील बनवून सांगत नव्हती.

हे वाचणारी तू बारा ते अठरा या वयातली असशील असं धरून चालते. तुझी आई वाचत असेल तर तिच्यासाठीही पुढे थोडं आहे, तोवर तिने नुसतं ऐकावं.

आधी एक जुनी हकीकत. एमिल कुए नावाचे एक फ्रेंच औषधविक्रेते होते, १८५७ ते १९२६ हा त्यांचा काळ. दुकानात त्यांच्या लक्षात आलं की औषध देताना दोन भरवशाचे शब्द बोलले तर गिऱ्हाइकाला ते औषध जास्त लागू पडतं. पुढे नान्सी या गावी ते लोकांना एक वाक्य शिकवू लागले. दिवसेंदिवस मी सगळ्या बाबतींत सुधारतो आहे, अशा अर्थाचं. झोपताना आणि उठताना वीस-वीस वेळा पुटपुटायचं, आणि मोजायला वीस गाठी मारलेली दोरी. माळच म्हण ना. त्या काळी हे वाक्य युरोप-अमेरिकेत घरोघरी पोचलं. आजच्या रीलचे खापरपणजोबा ते हेच.

आता दुसरी हकीकत, २००९ सालची. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही जणांना बसवलं आणि सांगितलं, घंटीचा आवाज आला की मनात म्हणायचं, 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे.' ज्यांना स्वतःबद्दल मुळात बरं वाटत होतं त्यांना या वाक्याने किंचित आणखी बरं वाटलं. पण ज्यांच्या मनात स्वतःविषयी आधीच खोट होती, म्हणजे ज्यांना या वाक्याची खरी गरज होती, त्यांना ते म्हटल्यावर, त्यांच्यासारख्याच पण ते न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट वाटलं.

मला या निकालाचं नवल वाटलं नाही. तू आरशासमोर उभी राहून 'मी सुंदर आहे' म्हणतेस, तेव्हा आत एक जण वकिलासारखी उठून उभी राहते. सुंदर? परवा वर्गातल्या मुलाने काय नाव ठेवलं विसरलीस? ताईच्या लग्नात काकू काय म्हणाल्या? एकेक पुरावा ती टेबलावर मांडत जाते. वाक्य जितकं मोठं तितके तिचे पुरावे जास्त. अकरा वेळा म्हटलंस तर अकरा वेळा खटला चालतो आणि अकराही वेळा तू हरतेस.

म्हणून माझी एकच अट आहे. वाक्य असं हवं की त्या वकिलीणबाईंना उठताच येऊ नये. ते आज, या घटकेला खरं असलं पाहिजे, आणि तू ज्या भाषेत स्वतःला शिव्या देतेस त्याच भाषेत असलं पाहिजे. मालवणीत देत असशील तर मालवणीत, अहिराणीत तर अहिराणीत. पुस्तकी 'मी सक्षम आहे' नको. सक्षम हा शब्द तू शेवटचा कधी बोललीस? निबंधात. मन निबंध वाचत नाही.

आता प्रत्यक्ष वाक्यं कशी करायची ते पाहू, आणि सुरुवात गणितापासून करू, कारण पहिल्या चिठ्ठ्यांत सगळ्यात जास्त वेळा तेच असतं.

'मला गणित येत नाही.' हे वाक्य जरा उलटून पालटून बघ. यात कर्ता कोण? व्याकरणाच्या बाईंना विचार, त्या सांगतील, गणित. गणित येतं किंवा येत नाही, पाहुण्यासारखं. तू बिचारी दारात उभी राहून वाट बघतेस. आपल्या भाषेत अशी वाक्यं ढिगाने आहेत: मला जमत नाही, मला सुचत नाही, मला भीती वाटते, मला लाज वाटते. भाषेचा तो स्वभाव आहे, त्यात वाईट काही नाही. पण स्वतःशी बोलताना दिवसभर हीच वाक्यं चालली की आपण काही करत नसतो, आपल्यावर सगळं होत असतं असं वाटू लागतं.

मग उलट टोकाला जाऊन 'मी गणितात हुशार आहे' म्हणायचं का? नको, ती वकिलीण टपूनच आहे. त्यापेक्षा तक्रार बारीक कर. गणित येत नाही म्हणजे काय काय येत नाही? भूमिती येते? बरीच येते. बीजगणितात? वर्गसमीकरणं. ती सगळी? अवयव पाडून करायची येतात, सूत्राने चुकतात. सूत्रात कुठे? उणे चिन्ह सुटतं. आता लिही: 'अवयव पाडून मला येतं. सूत्राने करताना मी उणे चिन्ह विसरते. आज तीन उदाहरणं चिन्हाला गोल करून सोडवते.' यात कुठेही कौतुक नाही, तरी हे वाक्य म्हणताना पाठ ताठ होते. शेवटच्या वाक्यात कर्ता 'मी' आहे, क्रियापद करण्याचं आहे आणि ते संध्याकाळपर्यंत खरं करून दाखवता येण्याजोगं आहे.

जिथे एवढं बारीक करायला वेळ नसेल तिथे 'अजून' हा एक शब्द घाल. 'मला पोहता येत नाही' आणि 'मला अजून पोहता येत नाही' या दोन वाक्यांत तीन अक्षरांचा फरक आहे. पहिल्यात दार बंद, दुसऱ्यात नुसतं लोटलेलं.

'मी आळशी आहे' हे वाक्य मला चिठ्ठ्यांत इतक्यांदा दिसतं की त्यावर जरा थांबते. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून आडवी होतेस, जिना चढताना धाप लागते, अभ्यासाला बसलं की डोळे मिटतात, आणि घरातले म्हणतात, आळशी झालीये नुसती. तूही म्हणू लागतेस. आता हा आकडा बघ. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. शंभरातल्या एकोणसाठ. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि त्याची पहिली खूणच थकवा. अशा मुलीने रोज शंभर वेळा 'मी उत्साही आहे' म्हटलं तरी ती जिना धापा टाकतच चढणार. तिला तपासणी हवी. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ना? बऱ्याच मुली ती खिडकीतून टाकतात, मला माहीत आहे, खिडकीखालच्या गवतात मी पाहिल्यात. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, आणि वर लिंबू पिळलेलं काही खाल्लं तर लोह अंगी लागायला मदत होते. हिमोग्लोबिन तपासून घे आणि तोवर 'आळशी' हा शब्द खोडून तिथे लिही: 'मी दमते. का दमते ते मी बघणार आहे.'

शरीराबद्दलच्या बाकीच्या शिव्यांचंही असंच आहे. त्यांना उत्तर कौतुकाने द्यायचं नाही, माहितीने द्यायचं. मुरूम आले म्हणून तू घाणेरडी नाहीस. वयात येताना संप्रेरकांमुळे त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात आणि फोड येतो. दिवसातून दहादा तोंड धुतल्याने तो जात नाही, उलट कातडी सोलवटते. पाळीच्या पहिल्या एकदोन वर्षांत तारखा मागेपुढे होणं पुष्कळ जणींना होतं, तुझ्यात काही बिघडलंय असं नाही. तीन महिने सलग आलीच नाही, किंवा आठवड्याहून जास्त दिवस रक्त जात राहिलं, किंवा पोटदुखीने शाळा बुडू लागली तर मात्र डॉक्टरकडे जायचं, लाजायचं नाही.

आणि रंग. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली आपल्या बाजारात आली आणि २०२० साली तिच्या नावातला 'फेअर' गेला, 'ग्लो' आला. पंचेचाळीस वर्षं म्हणजे तुझी आजी, तुझी आई आणि तू. एवढ्या काळात तुझ्या घरातल्या बायकांच्या कानांवर जे पडलं ते एका गोड वाक्याने पुसून निघेल असं मी म्हणणार नाही. माझी पद्धत वेगळी आहे, कुणाला ती कोरडी वाटेल: ही वाक्यं लिहायच्या वहीत 'सुंदर' हा शब्दच येऊ द्यायचा नाही. 'मी सुंदर आहे' म्हटलं तरी आपण सुंदर असण्या-नसण्याच्याच तराजूत बसलेलो असतो. शरीराबद्दल लिहायचंच असेल तर ते काय करतं ते लिही. 'या पायांनी मी रोज एसटी स्टँडपासून शाळेपर्यंत चालते.' 'माझ्या हाताची भाकरी फुगते.' 'माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचतो.' तुलना सुरू झाली की असं एक वाक्य हाताशी ठेव, बास.

आता आई. तुम्ही वाचत असाल तर ऐका. मुलगी स्वतःशी जे बोलते त्यातली निम्मी वाक्यं तिची नसतात, तिने ती घरात ऐकलेली असतात. आपल्याच राज्यात, सातारा जिल्ह्यात, ऑक्टोबर २०११ मध्ये एक समारंभ झाला. २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. त्यांची आधीची नावं काय होती? नकुशी, नकोशी, नकुसा. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगीच झाली म्हणून ठेवलेली. विचार करा, पहिलीच्या हजेरीपासून दिवसातून वीसदा कुणीतरी तिला हाक मारतंय, 'नको आहेस', आणि ती म्हणतेय, 'हजर.' कुएंच्या वीस गाठींची दोरीच, उलटी फिरवलेली. त्या दिवशी कितीतरी जणींनी आपलं नवं नाव स्वतः निवडलं.

आपल्या घरात नकुशी नसेल. पण 'आमची ही जरा बावळटच', 'हिच्यापेक्षा धाकटी हुशार', 'कोण करणार गं तुझ्याशी लग्न' हे पाहुण्यांसमोर हसत हसत म्हटलं जातं का? ते आधी थांबवा, मग मुलीच्या खोलीत चांगली वाक्यं लावा. आणि कौतुक करायचं तर 'किती गुणी बाळ' असं ढोबळ नको. जे पाहिलंत ते सांगा: 'काल मावशी बोलत होती तेव्हा तू मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकलंस.' मुलगी खांदे उडवेल, 'काय गं आई' म्हणेल. म्हणू दे. ऐकलेलं असतं.

पुन्हा तुझ्याकडे येते. दोन गोष्टी करायला सोप्या आहेत आणि रीलमध्ये सहसा सापडत नाहीत.

पहिली म्हणजे पंधरा मिनिटांचं लेखन. क्लॉड स्टील या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये मांडलं की माणसाला एका ठिकाणी धक्का बसतो तेव्हा आपल्या आयुष्यातल्या दुसऱ्या मोलाच्या गोष्टीची आठवण त्याला सावरते. या विचारावर पुढे वर्गांतून प्रयोग झाले. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांना, २०१० मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकणाऱ्यांना एवढंच सांगितलं: तुला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, घरची माणसं, मैत्री, कला, श्रद्धा, जे असेल ते निवड आणि का ते लिही. स्वतःची स्तुती करायची नाही. कोलोरॅडोत मुलगे आणि मुली यांच्या गुणांमधलं अंतर यामुळे कमी झालं. सगळ्या ठिकाणी असा परिणाम दिसलेला नाही, तेव्हा ही जादू समजू नकोस. पण पंधरा मिनिटं आणि एक कागद, एवढाच खर्च आहे. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी करून बघ. एका मुलीने लिहिलं होतं, 'मला माझा लहान भाऊ महत्त्वाचा वाटतो, त्याला फक्त माझ्याच हातचा वरणभात चालतो.' इतिहासाच्या पेपरशी याचा काही संबंध नाही. नसावाच. पेपर वाईट गेला तरी वरणभात राहतो, हे तिला आदल्या रात्री कळलेलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःला हाक मारणं. भाषण करायला उभं राहण्याआधी 'मी काय करू, मी काय करू' म्हणणाऱ्यांपेक्षा स्वतःच्या नावाने, 'तू' म्हणून बोलणारे जरा शांत राहतात, असं मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांच्या गटाला २०१४ मध्ये दिसलं. आपल्याकडे समर्थ रामदासांचे दोनशे पाच मनाचे श्लोक बहुतेक मनालाच हाक मारून लिहिलेले आहेत. मनाला समोर बसवून बोलण्याची रीत आपल्या घरांत संध्याकाळच्या दिव्याबरोबर रुजलेली. आणि मराठीत तुला त्यासाठी एक फार चांगला शब्द मिळालेला आहे: अगं. मैत्रीण रडत आली तर तू तिला काय म्हणशील? 'अगं, आधी पाणी पी. अगं, एकच प्रश्न चुकलाय.' तिला 'म्हैस' म्हणणार नाहीस. मग घरात ज्या नावाने हाक मारतात ते नाव घे, त्याच्याआधी 'अगं' लाव आणि तेच स्वतःला म्हण. दोनदा हसू येईल. तिसऱ्यांदा येणार नाही.

प्रसंग ठरलेले असतील तर वाक्यंही आधीच ठरवून ठेव, जर-तरच्या रूपात. बाईंनी उभं केलं आणि उत्तर आलं नाही, तर म्हणेन, 'एवढं येतं, पुढचं येत नाही.' ग्रुपवर कुणी फोटोला नाव ठेवलं, तर फोन उलटा ठेवेन आणि दहा मिनिटं उत्तर देणार नाही. कुणी फोटो पाठव म्हणून मागे लागलं, तर म्हणेन, 'नाही. आणि परत विचारू नको.' हे शेवटचं वाक्य मोठ्याने, आवाज काढून म्हणून बघ, दार लावून का होईना. बऱ्याच मुलींना 'नाही'च्या पुढे 'सॉरी हं, म्हणजे तसं नाही, पण आई रागावते' अशी शेपटी लावायची सवय असते. शेपटी कापायचा सराव करावा लागतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. कुणी अंगाला हात लावत असेल, रस्त्यात अडवत असेल, फोटोवरून धमकावत असेल, तर तिथे स्वतःशी चांगलं बोलून काही होत नाही. 'मी धीट आहे' म्हणत ते सोसायचं नाही. आई, बाबा, बाई, आत्या, जी व्यक्ती तुझं शेवटपर्यंत ऐकेल तिला सांग. पहिलीने ऐकलं नाही तर दुसरीला. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, फोन फुकट लागतो. अठराखालच्या मुलामुलींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. तसंच दोन आठवडे सलग काहीच नको वाटतंय, झोप उडालीय, जेवण जात नाही, स्वतःला इजा करावीशी वाटतेय, असं असेल तर वही मिटून ठेव आणि माणूस गाठ. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. अशी लक्षणं खरी धरायची: ताप आल्यावर आपण थर्मामीटरला 'तू चुकतोयस' म्हणत नाही.

आता वही. नवी, गुलाबी, कुलूपवाली आणू नकोस, ती चार दिवस टिकते आणि धाकटा भाऊ कुलूप तोडतो. रोजच्या कुठल्याही वहीचं शेवटचं पान घे. तिथे तसंही तू सह्यांचा सराव करतेस, फुली-गोळा खेळतेस. त्यातच एक ओळ, रोज एकच, आज खरी असलेली. जे केलंस ते, किंवा उद्या करणार आहेस ते. एखाद्या दिवशी काहीच सुचलं नाही तर तारीख घाल आणि 'आज नाही' लिही, तेही खरंच आहे. एकीच्या पानावर मी जूनमध्ये वाचलं होतं, 'हात वर केला. उत्तर चुकलं.' त्याखाली दुसऱ्या दिवसाची तारीख आणि 'परत केला.' उत्तर बरोबर आलं की नाही ते तिने लिहिलेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये वह्या रद्दीत जातील, तेव्हा तेवढं पान आधी फाडून घे. रद्दीवाल्याला वजनात काही फरक पडत नाही.